नऊ माद्या

“म्याडम, पळत या! तुमची बेडकी घावली. आनि एकटी न्हाई!”

नवलूमामा झोरे कधी हाका मारत नसत. काही दाखवायचं असलं की हात वर करून उभे राहत आणि आपलं लक्ष जाईपर्यंत तसेच राहत, मग त्याला दहा मिनिटं का लागेनात. सहा वर्षं मी त्यांच्यामागून भैरीच्या रानात फिरत होते, पण एवढा आवाज त्यांच्या गळ्यात आहे हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून मी पळाले. सड्यावर पळू नये हे मला माहीत होतं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्या दगडाचा उघडा माळ; सप्टेंबरात त्यावर शेवाळ असतं. मी दोनदा आपटले आणि दुसऱ्या वेळी घसरत थेट मामांच्या पायाशीच पोचले.

रान संपून सडा सुरू होतो तिथे कातळात परातीएवढा खळगा होता. त्यात वीतभर पाणी. पाण्यात माझी बेडकी बसली होती, तपकिरी, मुठीएवढी, अंग खरखरीत. तिच्या पाठीवर तिच्या निम्म्या आकाराचा एक नर होता आणि त्याने तिला काखेतून घट्ट धरलं होतं. तो नर हळदीसारखा पिवळा होता.

सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख ऊन होतं. भास होण्याचं काही कारण नव्हतं.

“काय गं, पडलीस का?” मागून ओगले सरांनी विचारलं. ते काठी टेकत येत होते.

“नाही सर,” मी पडल्यापडल्याच म्हटलं.

मला तो नर तिथे नको होता. तो का, हे सांगायला थोडं मागे जायला हवं.

मी शैलजा मगदूम. तेव्हा, अठ्ठ्याण्णव साली, मी बत्तीस वर्षांची होते आणि कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, तासावर. आमचं घर जैनांचं. आईला मी विषय वनस्पतिशास्त्र असल्याचं सांगितलं होतं. सहा वर्षांत मी ह्या रानातून एका भेकाचे, म्हणजे उडी मारण्यापेक्षा चालत जाणं पसंत करणाऱ्या जाड कातडीच्या बेडकाचे, नऊ नमुने गोळा केले. ते फॉर्मालिनमध्ये घातले, प्रत्येकाची चोवीस मापं घेतली आणि ही जगाला ठाऊक नसलेली नवी जात आहे असा लेख परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला. त्यांनी तो घेतला. नव्या जातीला स्वतःचं नाव देत नाहीत, ते अगोचरपणाचं समजतात. गुरूचं दिलेलं चालतं. मी दिलं: बुफो ओगलेई. छपाईआधीची प्रुफं माझ्या पिशवीत होती आणि शुक्रवारपर्यंत तपासून पाठवायची होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात कॉलेजात कायम जागेची मुलाखत होती. उमेदवार दोन. दुसऱ्याचे मामा संस्थेत होते. माझ्याकडे बेडूक होता.

ज्यांचं नाव मी दिलं ते डॉ. त्र्यंबक ओगले तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्यांच्याही नावावर आयुष्यात एकच जात होती. चौसष्ट साली ह्याच सड्यावर त्यांना एक लहानसा पिवळा भेक सापडला होता. एकच. त्याचं नाव त्यांनी बुफो भैरीएन्सिस ठेवलं आणि त्याला कॉलेजच्या संग्रहात बरणीत ठेवलं. पुढे तो कोणालाच दिसला नाही, सरांनाही नाही. सर शोधायला दर वर्षी यायचे, पण दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत. सप्टेंबरात सहामाही परीक्षा असायची, त्यामुळे नोकरीत असेपर्यंत एकही सप्टेंबर मोकळा मिळाला नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा गुडघे गेले होते. दरम्यान बरणीतल्या भेकाचा रंग फॉर्मालिनने धुऊन काढला आणि तो उकडलेल्या बटाट्यासारखा दिसायला लागला. मग पुण्याच्या एका गृहस्थांनी तो तपासून लिहिलं की हा मोरीत असतो तो साधा भेक आहे, पिवळा बिवळा काही नव्हता, ओगल्यांच्या नजरेत दोष असावा, ही जात यादीतून काढून टाकावी.

‘काढून टाकावी’चं सरांना फारसं काही वाटलं नाही. ‘नजरेत दोष’ मात्र फार लागलं. “गुडघे जाऊ देत खड्ड्यात,” ते म्हणाले, “मला चौसष्टचीच तारीख हवी.” ती तारीख सव्वीस सप्टेंबर होती. म्हणून आम्ही तिघं त्या दिवशी तिथे होतो.

आणि आता तो पिवळा सापडला होता, आणि नेमका माझ्या बेडकीच्या पाठीवर सापडला होता.

आमच्या शास्त्रात एक नियम आहे. एकाच जातीला चुकून दोन नावं पडली तर आधीचं राहतं आणि नंतरचं कटतं. हा पिवळा म्हणजे माझ्या बेडकीचाच नर असेल, तर सरांची जात खरी ठरत होती, सरांची नजर खरी ठरत होती, आणि माझी जात छापून येण्याआधीच मरत होती. नोकरीसकट.

सर पोचले. काठी त्यांनी मामांकडे दिली आणि, वर्षभर देवाला नमस्कार उभ्यानेच करणारा हा माणूस, चक्क उकिडवा बसला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पिवळा आहे ना गं?”

“हो सर.”

“मी म्हणतोय म्हणून म्हणू नकोस. नीट बघून सांग.”

“पिवळाच आहे, सर. हळदीसारखा.”

“मी तेच लिहिलं होतं,” सर म्हणाले. “हळदीसारखा. पान बेचाळीस.” आणि त्यांनी रुमाल काढून डोळे टिपले. सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांच्यासाठी इतकं बरं वाटलं की मी स्वतःचं सगळं विसरले. साधारण अर्धा मिनिट.

मग मी म्हटलं, “पण सर, नर काय, कशालाही बिलगतो. दुसऱ्या जातीच्या मादीलाही. चपलेलाही बिलगलेला आहे.”

हे खोटं नव्हतं. विणीच्या दिवसांत बेडकाच्या नराला फारसा विवेक राहत नाही, हे पुस्तकात आहे. फक्त मी ते ज्या घाईने म्हटलं ती घाई पुस्तकातली नव्हती.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “बरोबर,” ते म्हणाले. “मग बघू या.”

सर शिस्तीचे. शंका आली की प्रयोग. त्यांनी पिवळ्याला अलगद सोडवून ओल्या फडक्यात घेतलं. माझी बेडकी मी डब्यात ठेवली. मामांना त्यांनी दोन गोष्टी मागितल्या: एक पायताण आणि घराजवळचा एक साधा भेक, मादी, मोठी बघून.

“आवो, त्येंचं लगीन लागलंय,” मामा म्हणाले. “कशाला मोडताय?”

“मोडत नाही. खात्री करतोय.”

“लगीन लागल्यावर खात्री?” मामा म्हणाले, पण पायताण काढून दिलं आणि अनवाणी गोठ्याकडे गेले. धनगरवाडा तिथून हाकेच्या अंतरावर होता.

पहिल्यांदा पायताण. ते पाण्यात ठेवलं आणि पिवळ्याला त्याच्याजवळ सोडलं. तो त्यावर चढला. माझा जीव भांड्यात पडला. पण तो नुसताच चढला होता. मिनिटभर ऊन खाल्लं आणि दुसऱ्या बाजूने उतरून गेला. सरांनी घड्याळ बघून वहीत लिहिलं, ‘पायताण: रस नाही.’

तेवढ्यात मामा आले. जनावरांच्या पाण्याच्या दगडीखालची चांगली गलेलठ्ठ भेकीण त्यांनी टोपीतून आणली होती. तिला सोडलं. पिवळ्याने तिच्याकडे पाठ फिरवली. आम्ही त्याला वळवून तिच्यासमोर ठेवलं. त्याने पुन्हा पाठ फिरवली. सरांनी लिहिलं, ‘साधी मादी: रस नाही, दोनदा.’

“आता तुझी,” सर म्हणाले.

मी डबा उघडला. खरं सांगते, ती पळून गेलेली असावी असं मला वाटत होतं. ती डब्यात बसली होती. मी तिला पाण्यात ठेवलं आणि माझा हात बाहेर यायच्या आत पिवळा तिच्या पाठीवर होता.

सरांनी सोडवलं, लांब ठेवलं. तो परत आला. पुन्हा सोडवलं, खळग्याच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलं, मध्ये ती गलेलठ्ठ ठेवली. तो तिला वळसा घालून आला.

“बगा,” मामा म्हणाले. “ह्यो नवरा, ही बायकू. आमी बारकं असल्यापासनं बगतोय. पाऊस सरायला लागला की ह्ये पिवळं हुत्यात. पाच-सा दीस. मग पुन्ना झाडाच्या ढोलीत, वर. रंग बी जातो.”



“मामा,” मी म्हटलं, “सहा वर्षं मी येतेय. एकदा तरी सांगायचं नाही का?”

“तुमी इचारलं व्हय?” मामांना राग आला. “तुमी बेडकी दावली आनि म्हणला, असली हुडका. मी हुडकली. नऊ दिल्या. नवरा हुडका म्हणला असता तर नवरा हुडकला असता.”

सरांनी वही मांडीवर ठेवली आणि कातळावर नीट टेकून बसले.

“शैलजा, तुझ्या नऊ नमुन्यांत नर किती?”

मला उत्तर माहीत होतं. ते त्याआधी मला कधी दिसलं मात्र नव्हतं.

“एकही नाही, सर.”

“तक्त्यात लिंगाचा रकाना आहे ना?”

“आहे.”

“त्यात काय लिहिलंयस?”

“मादी. नऊ वेळा.”

“मी वाचलं होतं?”

“दोनदा, सर. खाली सही आहे तुमची.”

“आणि परदेशातल्या त्या दोन परीक्षकांनी?”

“त्यांनी स्वल्पविराम सुचवले.”

“म्हणजे चार शिकलीसवरली माणसं,” सर म्हणाले, “नऊ बायका बघतात, आणि नवरे कुठे गेले असं एकालाही विचारावंसं वाटत नाही. आणि माझ्या बरणीत एक नर, त्याची बायको कुठे आहे हे मी चौतीस वर्षांत विचारलं नाही.”

मामा त्यांचं पायताण वाळत घालत होते. त्यांनी ‘च् च्’ केलं.

मी पाण्याकडे बघत होते. दोघांच्या कानामागची गाठ एकसारखी होती, घेवड्याच्या दाण्यासारखी. बोटांची टोकं तशीच. पोटावरचे ठिपकेही तसेच. माझ्या लेखात मी साडेतीन पानं खर्चून ह्या दोन जाती कशा वेगळ्या आहेत ते लिहिलं होतं, आणि त्यातला एक फरक आकाराचा होता आणि दुसरा रंगाचा. मला रडू येत होतं. सरांसमोर रडायचं नाही म्हणून मी कॅमेरा काढला.

“फोटो काढते, सर. रोलमध्ये दोनच उरलेत, पण पुरतील. आणि हा नर घेऊ या. तुमचा दुसरा नमुना. पुण्याला पाठवू.”

हे बोलताना माझा आवाज बरा होता. निदान तेवढं मी केलं, हे स्वतःला मी पुढे पुष्कळ वेळा सांगितलं आहे.

“फोटो नको,” सर म्हणाले.

“का?”

“मुलाखत कधी आहे तुझी?”

“पुढच्या आठवड्यात.”

“प्रुफं?”

“शुक्रवारपर्यंत.”

“मग गुरुवारी पाठव. टपालाचा भरवसा नसतो.” त्यांनी वहीकडे पाहिलं. “पायताण एकच होतं. साधी मादीही एकच. नमुना अपुरा आहे. एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. नर कशालाही बिलगतो, तूच म्हणालीस.”

“सर, त्याने तर पायताणाला—”

“एकच पायताण होतं, शैलजा.”

“मग हा नर तरी घेऊ या ना. तुमची जात वेगळी, माझी वेगळी. पण तुमचा पिवळा आहे, एवढं तरी लोकांना दिसेल!”

सरांनी मान हलवली. “घेतला तर पुण्याचा तो गृहस्थ दोन्ही बरण्या शेजारीशेजारी ठेवील. त्याला फार कळतं असं नाही. पण एवढं कळेल.”

कुठे तरी मामांची म्हैस ओरडत होती. मी अजूनही म्हणू शकत होते: सर, असं नको, जे आहे ते लिहू या. सोपं वाक्य होतं ते, मी पाठ केल्यासारखं मला येत होतं. सरांनी मला वेळही दिला. ते माझ्याकडे न बघता बुटाची नाडी बांधत बसले, सुटलेली नसताना.

“हो सर,” मी म्हटलं.

मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली, पण ती नंतर, चांगली दोनेक वर्षांनी. त्या क्षणी फक्त सुटल्यासारखंच वाटलं.

सरांनी पिवळ्याला तळहातावर घेतलं आणि उन्हाला धरलं. पोटाकडून बघितलं, पाठीकडून बघितलं. डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. “सुंदर आहे,” ते म्हणाले. मग त्याला स्वतःच्या हाताने पाण्यात सोडलं आणि तो पुन्हा तिच्या पाठीवर जाऊन बसला. ही वेळ सरांनी लिहिली नाही. वहीतलं ते पान त्यांनी कडेने जपून फाडलं, चार घड्या घातल्या आणि मला दिलं.

“ठेव तुझ्याकडे,” ते म्हणाले. “तुला केव्हा वाटेल तेव्हा.”

मामांनी त्यांना काठी दिली. उतरताना त्यांनी मामांना एवढंच विचारलं, की ढोलीत असताना हे खातात काय. मामा म्हणाले, मुंग्या. सर सबंध उतरणभर मुंग्यांवर बोलले.

प्रुफं गुरुवारी गेली. लेख जानेवारीत आला. कायम जागा त्याआधीच मिळाली होती. मुलाखतीत एका सदस्याने बेडकाचा शेतीला काय उपयोग असं विचारलं आणि मी काही तरी सांगितलं. पुढच्या वर्षी बुफो भैरीएन्सिस यादीतून काढून टाकला गेला, कारण ‘नमुना एकमेव, रंगाचा दावा अविश्वसनीय’. पुण्याच्या गृहस्थांचा तो लेख मी सरांकडे घेऊन गेले होते. त्यांनी खिडकीशी धरून वाचला आणि म्हणाले, “भाषा बरी आहे त्याची.” मग सरांच्या पत्नीने पोहे आणले.

मला त्या वेळी बोलायला तोंड होतं. पान होतं, नोकरी पक्की झाली होती, कोणी काढू शकत नव्हतं. मी पोहे खाल्ले. नंतर विभागप्रमुख झाले, मग बुफो ओगलेईवर दोन परिषदांत बोलले, आणि दर वेळी टाळ्या झाल्यावर सर पहिल्या रांगेतून मान डोलवायचे. शेवटच्या परिषदेला त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात ते गेले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात त्यांनी शोधलेल्या जातीचा उल्लेख नव्हता, कारण अशी जातच नव्हती. त्यांच्या नावाच्या जातीचा होता, आणि ती शोधणारी म्हणून माझा.

मला तरीही आणखी सतरा वर्षं लागली. ह्याला भित्रेपणाच म्हणायचा, दुसरं नाव नाही.

गेल्या सप्टेंबरात मी वर गेले. नवलूमामा आता घरातूनच बोलतात, पण कुठल्या खळग्याकडे जायचं ते त्यांनी बरोबर सांगितलं. तीन जोड्या होत्या. मी त्यांतले पिवळे घेतले, तपकिरी घेतल्या, रक्ताचे थेंब तपासायला पाठवले. सगळे एकाच जातीचे निघाले, अर्थातच. मग लेख लिहिला. त्यात बुफो ओगलेई ही जात अस्तित्वात नाही असं मी लिहिलं आणि बुफो भैरीएन्सिस हे नाव परत लावलं. जोडीचं पहिलं निरीक्षण कोणाचं, ह्या रकान्यात लिहिलं: त्र्यंबक ओगले, २६ सप्टेंबर १९९८, सकाळी ११ वाजून ४० मिनिटं. सोबत ते पान जोडलं, पायताणासकट.

परीक्षकांना लेख पसंत पडला. फक्त एकाने विचारलं होतं, की निरीक्षण इतकं स्पष्ट आणि लेखी असताना ते प्रसिद्ध करायला पंचवीस वर्षं का लागली, त्याचं कारण लेखिकेने एका वाक्यात नमूद करावं.

मी एका वाक्यात नमूद केलं: मला नोकरी हवी होती, आणि सरांनी ती मला दिली.

संपादकांनी ते वाक्य काढून टाकलं. शास्त्रीय लेखात असं लिहीत नाहीत, म्हणाले. म्हणून ते इथे लिहिलं.